घारापुरीचा हत्ती नक्की कुठे पाहिला? (आईवडिलांचं बोट धरून पाहिलेली मुंबई)

सांजवेळ

गेले पंधरा दिवस आमच्याकडे एका हत्तीवरून चर्चा चालू आहे. आई एक सांगते, मला दुसरंच आठवतं, आणि ज्यांना विचारून निकाल लावावा ते अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणून इथे विचारते आहे.

साल १९७६, जुलै महिना. मी सात वर्षांची, दुसरीत. अण्णा नाशिकला एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिशाचा खिळा वापरून वापरून झिजतो. मग वेलांटी तुटते, अनुस्वार उमटत नाही. गिरगावातल्या फौंड्रीतून नवे खिळे आणायला मालकांनी अण्णांना पाठवलं आणि त्यांनी मला बरोबर घेतलं. का घेतलं ते मला आजही माहीत नाही. आई म्हणते, आदल्या रात्री जेवताना "मुंबईला समुद्र खरंच असतो का" असं मी विचारलं होतं.

पंचवटी एक्सप्रेस तेव्हा नवीकोरी होती. इगतपुरीनंतर गाडी घाट उतरायला लागली तशी मी बोगदे मोजायला घेतले आणि कसारा यायच्या आत आकडा चुकला. बोगद्यात शिरलो की अण्णा माझा हात धरायचे, उजेड आला की सोडायचे. काही बोलायचे नाहीत.

व्हीटीला उतरल्यावर त्यांनी मला आधी बाहेर नेऊन फाटकाच्या खांबांवरचे दोन दगडी प्राणी दाखवले. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. "सिंह म्हणजे ते, वाघ म्हणजे आपण," एवढंच म्हणाले. मग वर घुमटावर हातात मशाल घेऊन उभी असलेली बाई दाखवली. तिचं नाव 'प्रगती' आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्यानंतर आम्ही चालत सुटलो. अण्णांची मुंबई म्हणजे पाट्यांची मुंबई. दुकानात काय विकतात याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, पाटीवरचं अक्षर कसं काढलंय ते बघायचं. "या पाटीवरचा ळ शोध. आता त्या समोरच्या पाटीवरचा. दोन्हींत फरक काय?" मी अक्षर शोधेपर्यंत ते गर्दीत थांबून राहायचे, लोक धक्के देत पुढे जायचे. काळबादेवीला कोलभाट गल्लीच्या तोंडाशी उभं करून म्हणाले, "इथे जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना." देवळासमोर उभं राहावं तसे दोन मिनिटं उभे राहिले. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं ते याच शहरात, हेही तेव्हाच सांगितलं. सात वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळणार, पण नावं लक्षात राहिली.

फौंड्रीत भयंकर उकाडा होता. वितळलेल्या शिशाचा वास अजून नाकात आहे. नवे खिळे चांदीसारखे चमकत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी माझ्या हातावर एक खिळा ठेवला. ळ, पण आरशातला, उलटा. अण्णांनी माझा अंगठा धरून खिळ्याच्या अंगावर फिरवला. एका बाजूला बारीकशी खाच होती. "ही खाच अंगठ्याला लागली की समजायचं खिळा सरळ आहे. बघावंसुद्धा लागत नाही." तो खिळा अजून माझ्याकडे आहे.

आणि इथून पुढे माझी आठवण तुटक होते. पाऊस होता. अण्णांच्या एका हातात खिळ्यांची जड पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. समोर एक भलामोठा काळा दगडी हत्ती, पावसाने भिजून चमकणारा. त्याच्या अंगावर इकडून तिकडे रेघा होत्या, भेगांसारख्या. अण्णा म्हणाले, "हा घारापुरीचा हत्ती. हा जुळवलेला आहे." जवळच कुठेतरी घोड्यावर बसलेला एक साहेब होता, तोही काळाच. बस. त्यानंतर एकदम रात्रीची गाडी आणि अण्णांचा खांदा.

आईचं म्हणणं, घरी आल्यावर अण्णांनी "पोरीला घारापुरीचा हत्ती दाखवला" असं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही लाँचने घारापुरीला गेलाच असणार. पण मला लाँच अजिबात आठवत नाही. जिने आदल्या रात्री समुद्राबद्दल विचारलं ती मुलगी समुद्रातून केलेला प्रवास विसरेल? मोठेपणी घारापुरीला जाऊन आले, लेणी पाहिली, महेशमूर्तीसमोर बसले. असा हत्ती तिथे दिसला नाही.

तर पहिला प्रश्न हत्तीचा. आणि दुसरं म्हणजे, तुम्हाला मुंबई पहिल्यांदा कुणी दाखवली? आईने, वडिलांनी? जरूर लिहा.

आंबेमोहोर

किती सुंदर लिहिलंय. खाचेचं वाचून दोन मिनिटं तशीच बसले.

हत्ती घारापुरीलाच असेल असं मला वाटतं. लहानपणचं अधलंमधलं गळून जातं. मला माझ्या मुंजीचं काही आठवत नाही, फक्त मांडवातली एक खुर्ची आठवते, असं माझा भाऊ सांगतो.

खाडीकाठ

सांजवेळताई, जुलै म्हणताय ना? मग मला शंका आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की घारापुरीच्या लाँचा बंद ठेवतात. भर पावसात, हातात शिशाची पिशवी आणि लहान मुलगी घेऊन शहाणा माणूस लाँचेत पाय ठेवणार नाही. आम्ही कोकणातली माणसं, आगोट लागली की समुद्राकडे पाठ करणारी. माझ्या आजीच्या पिढीला तर 'रामदास' विसरणंच शक्य नव्हतं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. जुलैत बोटीचं नाव काढलं तरी आजी उठून आत जायची.

आता माझी गोष्ट. मी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती समुद्रातून. १९६२चा मे महिना, मी सहा वर्षांचा. बाबा मुंबईला गोदीत कामाला, वर्षातून एकदा गावी यायचे. त्या वर्षी जाताना आम्हाला घेऊन निघाले. मालवणला बोट किनाऱ्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. आपण पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पडाव वर-खाली, बोटीची शिडी जागच्या जागी, आणि लाट वर आली की त्या क्षणाला उडी. बाबांनी मला काखेत मारलं, "घट धर हां" म्हणाले आणि पाय उचलला. त्या उडीत मी डोळे मिटले नव्हते, एवढं अभिमानाने सांगतो.

रात्रभर डेकवर वळकट्या पसरून झोपलो. पहाटे बाबांनी उठवलं. अजून अंधार होता. समोर दिव्यांची एक लांबलचक ओळ. मी विचारलं, "जत्रा आसा?" बाबा म्हणाले, "मुंबय." भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत उजाडलं आणि दिवे विझत गेले. मला फार वाईट वाटलं. आमच्या गावात रॉकेलचा एक कंदील आठ माणसांना पुरवायचे, आणि इथे एवढे दिवे सकाळी विझवून टाकतात.

धक्क्यावर उतरल्यावर बाबा एकेका क्रेनकडे बोट दाखवून सांगत होते, ही अमुक टनांची, ती तमुक टनांची. इतर मुलांचे वडील गेटवे दाखवतात, माझ्या बाबांनी क्रेन दाखवल्या.

दोन वर्षांनी आम्ही कायमचे मुंबईला आलो. ३१ मार्च १९६४ची रात्र पक्की आठवते. बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. घंटा वाजवत ट्राम गेली आणि माणसं तिच्यामागून चालायला लागली, पालखीमागून चालावं तशी. बाबाही थोडं चाललेच. मग थांबले आणि म्हणाले, "गेली." अनोळखी माणसांसाठी रडावं तसं वाहनासाठीही रडतात, हे मी त्या रात्री पाहिलं.

हुरडा

मुंबई मला आईने दाखवली, आणि आईलाही ती तेव्हाच दिसत होती. दोघी नवख्या.

आम्ही सोलापूरचे. १९८५ साली धाकट्या भावावर मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात उपचार चालू होते, दोन महिने. वडील सोलापुरात कामावर, त्यामुळे आई आणि मी. मी नऊ वर्षांची. राहायला लांबच्या मावशींकडे, पार टोकाला. आईला वाचता येत नव्हतं. विड्या वळायची, त्यामुळे मोजणीपुरते आकडे येत. पहिल्या दिवशी मावशींनी बसचा नंबर सांगितला आणि आई नुसती गप्प झाली. स्टॉपवर उभं राहिल्यावर बस आली, आणि तिच्या कपाळावर मराठी आकडे! बेस्टच्या बसवर समोर नंबर देवनागरीत असायचा, इंग्रजी आकडे बाजूला. आई मला म्हणाली, "अगं, हे तर आपलेच आकडे." तिचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या दिवसापासून तिने कुणाला बस विचारली नाही. लाल आकड्यांची बस लिमिटेड, ती आपल्या थांब्याला थांबत नाही, हे सुद्धा दोन फेऱ्यांत तिच्या लक्षात आलं.

रुग्णालयात भेटायची वेळ ठरलेली. मधल्या तीन तासांत जायचं कुठे? मावशींकडे जाऊन परत येण्यात वेळ जायचा. मग आई नंबर बघून कुठल्यातरी बसमध्ये बसायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत. अशी आम्ही मुंबई पाहिली. शिवडी, वरळी, कुलाबा, अँटॉप हिल. कुठलीही प्रेक्षणीय स्थळांची यादी धरून नाही. आई खिडकीत बसून दुकानं, माणसं, वाळत घातलेले कपडे बघायची आणि मला सांगायची, "इथं पण पाण्याला रांग आहे बघ."

एकदा गिरगाव चौपाटीला उतरलो. टिळकांचा पुतळा मी ओळखला, कारण पुस्तकात चित्र होतं. १९२०च्या १ ऑगस्टला टिळक गेले आणि त्यांना तिथेच अग्नी दिला, हे मी आईला धडा म्हणून दाखवलं. तिने चप्पल काढून नमस्कार केला. मग पाण्यापाशी गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. "खारट आहे. खरंच आहे म्हणजे." त्यानंतर वाळूत बसली. पाय पसरून, हात मांडीवर ठेवून. सोलापुरात मी आईला रिकामी बसलेली कधी पाहिलीच नव्हती. हातात सूप तरी असायचं, नाहीतर पोर. त्या दिवशी ती तासभर काहीच न करता बसली होती.

भाऊ बरा झाला. आता त्याचीच मुलं कॉलेजात आहेत.

आंबेमोहोर

हुरडा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. "हे तर आपलेच आकडे." काय बोलू यावर.

वरचा_मजला

बेस्टचा विषय निघाला म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे पप्पा कंडक्टर. डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. पप्पांना वरचा मजला मिळाला की सुट्टीत मी सोबत. सगळ्यात पुढची जागा, समोर काच, आणि झाडांच्या फांद्या काचेवर आपटत जायच्या. माझ्यासाठी मुंबई म्हणजे पहिल्या मजल्यावरून दिसणारं शहर. फोर्टातल्या इमारतींच्या कमानींत कोरलेले चेहरे, पानं, पक्षी खालून चालणाऱ्याला दिसत नाहीत, मला ते रोज भेटायचे. मागून पप्पांच्या तिकीट पंचची टिकटिक.

जुन्या डिझेल डबलडेकरपैकी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ला धावली. लोकांनी हार घातले होते. मी पप्पांना घेऊन गेले. गर्दीमुळे वर जाता आलं नाही. खालच्या दांड्याला हात लावून ते परत फिरले.

साचेखाते

सगळ्यांचं वाचतोय. माझं थोडं वेगळं आहे.

मी लालबागचा. जन्म तिथलाच, त्यामुळे मला मुंबई कुणी दाखवायचा प्रश्न नव्हता असं कुणालाही वाटेल. पण दहा वर्षांचा होईपर्यंत मी लालबाग-परळ सोडून काहीच पाहिलं नव्हतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. पाळीची घडी बसलेली: पहिली, दुसरी, रातपाळी. रातपाळी असली की दिवसा आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत कुजबुजत बोलायचो, कारण दादा झोपलेले. भोंगा झाला की उठायचे, डबा घ्यायचे, जायचे. वीस वर्षं मुंबईत काढून त्यांनी गेटवे पाहिला नव्हता. हे मला नंतर कळलं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पहिले काही दिवस चाळीत सणासारखं वातावरण होतं, सगळ्यांचे वडील एकाच वेळी घरी. मग महिना झाला, दोन झाले. दादांना घरात बसवत नसे. एके दिवशी म्हणाले, "चल रे, पाय मोकळे करून येऊ." आणि आम्ही चालायला लागलो.

बसला पैसे घालायचे नाहीत हे न बोलता ठरलेलं होतं. लालबागहून भायखळा, जे. जे., क्रॉफर्ड मार्केट, फोर्ट. कधी आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बरोबर फडक्यात बांधलेली चपाती आणि गूळ. दादांनाही रस्ते माहीत नव्हते. चुकलो की एकमेकांकडे बघायचो आणि परत फिरायचो. एशियाटिकच्या तीस पायऱ्या मी मोजल्या, त्यांनी मोजल्या, आकडा जुळला की उतरायचो. राजाबाई टॉवरखाली उभं राहून घड्याळाचे ठोके ऐकले. २८० फूट उंच, प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिले, हे तिथल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला सांगितलं. दादा म्हणाले, "आईच्या नावाने घड्याळ. चांगलं केलं."

हुतात्मा चौकात मात्र त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दाखवून म्हणाले, "हा आपला माणूस." संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ जण गेले, आणि त्यांतले कितीतरी गिरणगावातले, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या पुतळ्यापाशी आम्ही चपाती खाल्ली.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते मंगळदास मार्केट. कापडाचा बाजार. दादा एका दुकानासमोर थांबले. बाहेर तागे लावलेले होते. त्यांनी एका ताग्याचं टोक अंगठा आणि बोटाच्या मधे धरलं, डोळे मिटून चोळलं. मग उजेडाकडे धरलं. मला म्हणाले, "किनार बघ. इथे एक धागा तुटून परत जोडलाय. ज्याने जोडलाय त्याचा हात चांगला आहे. तुला दिसतोय का? नाही दिसणार." खरंच दिसत नव्हता. दुकानदार आतून बघत होता, घ्यायचंय का म्हणून विचारलं. दादांनी ताग्याचं टोक नीट घडीत सरकवलं आणि "छान आहे" म्हणून पुढे निघाले. साच्यावर काम करणारा माणूस म्हणजे काय असतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. गिरणीच्या फाटकाच्या आत मी कधी गेलोच नव्हतो.

तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. दादांना परत साच्यावर घेतलं नाही. पुढे वॉचमनची नोकरी केली. त्या चालण्याबद्दल ते शेवटपर्यंत म्हणायचे, "त्या वर्षी आपण मुंबई बघितली." मला ते ऐकवायचं नाही. त्या वर्षी आईने मंगळसूत्र सोडून सगळं विकलं होतं. पण दादा ते वाक्य हसतमुखाने म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो. दोन्ही खरं आहे.

एक राहिलं. म्युझियमच्या जवळ 'काळा घोडा' नावाचा स्टॉप होता. मी घोडा शोधत बसलो. दादांनी पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, घोडा कधीच हलवला, राणीच्या बागेत आहे. येताना भायखळ्याला थांबून बघू असं ठरलं होतं, पण पाय दमले आणि राहूनच गेलं.

खाडीकाठ

साचेखाते, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझे बाबाही संपाच्या काळात गिरणीतल्या गाववाल्यांसाठी दर महिन्याला धान्य पोचवायचे.

दगडफूल

सांजवेळ, तुमचा हत्ती सापडला! आणि श्रेय साचेखाते यांच्या घोड्याला.

तुम्ही लिहिलंय की हत्तीजवळ घोड्यावर बसलेला काळा साहेब होता. तोच काळा घोडा. तो पुतळा सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा. १८७९ साली उभारला. फोर्टातल्या त्याच्या जागेवरून १९६५ साली काढून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. म्हणजे १९७६ साली तो तिथेच होता. (आता फोर्टात जो नवा घोडा आहे, त्यावर स्वार नाही. तो २०१७चा.)

आणि त्याच आवारात दगडी हत्ती आहे. खराखुरा घारापुरीचा. बेटावर बंदराजवळ हा एकाच काळ्या खडकातून कोरलेला हत्ती उभा होता. पोर्तुगीजांनी त्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. म्हणजे तुम्ही आज घारापुरीला जाता तेव्हा ज्याच्या नावाचं बेट आहे तोच तिथे नसतो. १८१४ साली त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ साली त्याला बेटावरून हलवायचं ठरलं आणि उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणले. पुढे १९१४ साली ते एकमेकांना जोडून हत्ती पुन्हा उभा केला. अंगावरच्या रेघा म्हणजे ते सांधे. तुम्हाला भेगा वाटल्या त्या याच.

तेव्हा आईही बरोबर, तुम्हीही बरोबर. अण्णांनी घारापुरीचा हत्तीच दाखवला, फक्त लाँचशिवाय. जुलैत दुसरा मार्गही नव्हता.

जाणार असाल तर बुधवार टाळा, राणीची बाग बंद असते. आतमध्ये गोरखचिंचेची जुनी झाडं आहेत, तीही बघा.

आंबेमोहोर

अंगावर काटा आला!

साचेखाते

म्हणजे माझा घोडा आणि तुमचा हत्ती शेजारीशेजारी. चौवेचाळीस वर्षांपूर्वी भायखळ्याला थांबायला हवं होतं.

सांजवेळ

सकाळपासून तीनदा लिहायला बसले.

दगडफूल, तुमचे आभार कसे मानू? तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. 'एकमेकांना जोडून हत्ती पुन्हा उभा केला' इथे आले आणि माझं मलाच उमगलं. अण्णा म्हणाले होते, "हा जुळवलेला आहे." इतकी वर्षं मला वाटायचं की ते त्यांचं छापखान्यातलं बोलणं होतं. घरातसुद्धा ते तसंच बोलायचे, ताटं जुळव, चादरी जुळव. पण त्यांना त्या हत्तीची सगळी हकीकत माहीत होती. नुसता जोडलेला म्हणता आलं असतं. त्यांनी त्यांचा शब्द वापरला.

आणि आणखी एक लक्षात आलं. गिरगावातून काम आटोपून ते थेट व्हीटीला जाऊ शकले असते. हातात शिशाची पिशवी होती, पाऊस होता, मी पेंगत असणार. तरी वाकडी वाट करून भायखळ्याला नेलं. लाँचचे पैसे नव्हते की समुद्र खवळला होता, कोण जाणे. मला घारापुरी दाखवायची होती आणि जमली तेवढी त्यांनी दाखवली.

आई आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, एवढ्या पावसात पोरीला बोटीत कशाला घातलंत. ते नुसते हसले. मला सांगायचं तरी." ती ८२ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे हल्ली घराबाहेर पडत नाही. शेवटी स्वतःच विचारलं, "तिथे व्हीलचेअर चालते का गं?"

शनिवारी पहाटे नाशिकहून निघतोय, आई, मी आणि माझी लेक. साचेखाते, तुम्ही लालबागला असाल तर अकराच्या सुमारास या, संग्रहालयाच्या दाराशी भेटू. घोडा राहिलाय तुमचा.

खिळा पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आहे.

साचेखाते

अकरा वाजता. चालत येतो.